मेहुणा 'समजा' आणि माझ्यावर पडलेलं दार

माझ्या धाकट्या मेहुण्याला सगळी गल्ली 'समजा' म्हणते. हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्याचं प्रत्येक वाक्य या एका शब्दाने सुरू होतं, म्हणून ते त्याला चिकटलं. "समजा, गाडी पंक्चर झाली." "समजा, किल्ली आत राहिली." "समजा, नवरदेवच आला नाही." यातलं शेवटचं वाक्य त्याने माझ्या पुतणीच्या लग्नात, नवऱ्या मुलाच्या काकांसमोर उच्चारलं होतं. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, ही म्हण ज्याने पहिल्यांदा केली त्याच्याही घरात असाच एक मेहुणा असणार, याबद्दल मला तिळमात्र संशय नाही.

मी सुतार. दारं आणि खिडक्या हा माझा प्रांत. शाळेशी माझं सातवीपर्यंत जमलं. मग एक दिवस मास्तर म्हणाले, "तू बाकावर बसतोस त्यापेक्षा बाक दुरुस्त करतोस तेव्हा वर्गाला जास्त उपयोग होतो." ते त्यांनी रागाने म्हटलं होतं. मी ते कौतुक समजून घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, आणि वडिलांनी दुसऱ्याच दिवशी मला कामाला लावलं. तेव्हापासून कुठे दार घासल्याचा आवाज आला की मला अन्न गोड लागत नाही. कुणाच्या घरी गेलो तर मी आधी चौकट बघतो, मग माणसं. बायको म्हणते, "पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हाही तुम्ही मला नाही, दारालाच निरखत होतात." खरं आहे. ते दार एका बाजूने उतरलं होतं. मी काय करणार?

त्याच दाराआड तेव्हा एक किडमिडीत पोरगा उभा होता. माझी नजर बिजागरीवर खिळलेली पाहून तो आत ओरडला, "ताई, समजा ह्यांनी दार काढलं आणि परत बसवताच आलं नाही तर?"

ही आमची पहिली भेट. माणूस किती लांबचं बघू शकतो ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मग सांगायला गोष्टही उरली नसती, आणि गोष्ट सांगितल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

त्याला ही सवय लागली कुठून, ते बायकोने सांगितलंय. माझ्या सासऱ्यांचं कपबशांचं छोटंसं दुकान होतं. एका संध्याकाळी हा पोरगा म्हणाला, "बाबा, समजा ही मांडणी पडली तर?" सासऱ्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली: अभद्र बोलतोस म्हणून. दुसऱ्या दिवशी मांडणी पडली. दुकानात धड कान असलेला एक कप उरला नाही. सासऱ्यांनी त्याला पुन्हा एक वाजवली. पहिली बोलल्याबद्दल होती, दुसरी खरं ठरल्याबद्दल. दुसरा कुणी असता तर तोंडाला कुलूप लावून बसला असता. हा मोठा होऊन विमा एजंट झाला.

त्याचं ऑफिस म्हणजे एका लॉन्ड्रीच्या वरची खोली. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे तिथले सगळे कागद कायम कोमट असतात. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर घड्याळ, आणि ते बंद पडलं तर असावं म्हणून शेजारी दुसरं घड्याळ. दोन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. पण खरी गंमत तिथल्या दाराची. वाफेने ते असं फुगलंय की खांद्याने धडक दिल्याशिवाय उघडत नाही. निम्मी गिऱ्हाइकं ऑफिस बंद आहे असं समजून जिन्यावरूनच परत जायची. "उद्या येऊन रंधा मारून देतो," असं मी त्याला इतकी वर्षं सांगत होतो की माझा तो 'उद्या' आता पेन्शनीत निघायला हवा होता.

उरलेली निम्मी गिऱ्हाइकं त्याला रस्त्यात बघूनच पळायची. न्हाव्याने त्याला येताना पाहिलं की तो गिऱ्हाइकाची खुर्ची भिंतीकडे फिरवायचा. मीही कमी नव्हतो. एकदा तो माझ्या कारखान्यात आला तेव्हा मी भिंतीला टेकवलेल्या नव्या दारामागे श्वास रोखून उभा राहिलो. तो शांतपणे दारासमोर स्टूल घेऊन बसला आणि म्हणाला, "भाऊजी, बाजूने चपला दिसतायत." मग त्याने मला आगीच्या विम्याची सगळी माहिती दारापलीकडूनच सांगितली. मी बाहेर आलो नाही. अब्रूचा प्रश्न होता.

तर आता मुद्द्यावर येतो.

आमची मुलगी परदेशात असते. दोन विमानं बदलून जावं लागतं इतकी लांब. तिला मुलगी झाली, आणि आमच्या घरात मोबाइलची काच रोज ओली व्हायला लागली, कारण बायको त्या काचेचेच पापे घ्यायची. जावयाने तिकिटं पाठवली. बायकोला आनंदाने रडू आलं, पण डोळे पुसल्या पुसल्या ती मला म्हणाली, "एक सांगून ठेवते. पोरांनी घर घ्यायला पैपै जमवलीय. आपल्या पायी त्यातला एक छदाम खर्च होता कामा नये. तसं व्हायचं असेल तर मी काचेतल्या नातीवर समाधान मानीन."

"आपण काय खातो-पितो तेवढंच!" मी म्हणालो. "मी आयुष्यात दवाखान्याची पायरी चढलो नाही."

"मागच्या वर्षी चढलात."

"ती दवाखान्याचं दार बसवायला."

त्या संध्याकाळी समजा घरी आला. काखेत पिशवी, चेहऱ्यावर ती नेहमीची काळजी. बायकोने चहा ठेवला. तो बसला आणि त्याने तोंड उघडलं.

"भाऊजी, समजा पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं. समजा बॅग तिसऱ्याच गावाला गेली. समजा ताईला ताप आला. तिकडे नुसतं डॉक्टरसमोर बसायची फी ऐकली तरी आपल्या माणसाची छाती दडपते. समजा तुम्ही जिन्यावरून..."

"समजा विमानात मेहुणाच शेजारी बसला!" मी म्हणालो. "त्याचा विमा आहे का?"

"नाही, पण मी तसाही येत नाहीये." त्याला विनोद कळत नाही, हा त्याचा फार मोठा फायदा आहे. "प्रवास विमा घ्या, भाऊजी. जाताना घ्यायचा, परत आलात की संपला."

"मी चाळीस वर्षं करवतीशी खेळलो. दहाची दहा बोटं शाबूत आहेत, मोज."

त्याने खरंच मोजली. मग म्हणाला, "पाय?"

शेवटी मी त्याला अट घातली. मला वाटलं, मी केवढा हुशार! म्हटलं, "विमा घेतो. पण आम्ही परत येईपर्यंत तुझ्या तोंडून 'समजा' हा शब्द निघाला नाही पाहिजे. निघाला की कागद फाडला."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आमच्या परतीपर्यंतचे दिवस बोटाने मोजले. मग म्हणाला, "ठीक आहे," आणि फॉर्म काढला.

"काही आजार?"

"नाही."

"रक्तदाबाची गोळी चालू आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तो आजार नाही, ती सवय आहे."

"तू लिही रे!" बायको म्हणाली. त्याने लिहिलं. वर मला समजावलं, "लपवलेलं दुखणं तिकडे उघडं पडलं, तर कंपनी म्हणते तुमचं तुम्ही बघा. लिहिलेलं कधी वाया जात नाही." मी मान फिरवली. मला वाटलं, माझ्या तब्येतीची बेअब्रू झाली.

पुढच्या दिवसांत त्याने शब्द पाळला. रोज यायचा, पट्टे आवळायचा, बॅगा उचलून बघायचा, आणि काही बोलायचा नाही. आणि त्या शांततेने आमच्या घरात जो हाहाकार माजवला तो काय सांगू! तो बॅगेच्या चाकाकडे नुसता बघत राहिला, की बायको दचकून विचारायची, "का रे? काय झालं?" तो मान हलवून गप्प. मग आम्हीच विचार करत बसायचो. एका सकाळी दाढी करताना मी आरशाला म्हणालो, "समजा, पासपोर्टच हरवला तर?" बाहेर बायको खो खो हसत सुटली. मेहुण्याचं भूत माझ्यात शिरलं होतं.

निघताना त्याने माझ्या चष्म्याच्या डबीत, झाकणाच्या आत, विमा कंपनीचा फोन नंबर चिकटवला. "काहीही झालं तर आधी इथे फोन. मला नंतर." एवढंच बोलला. डोळ्यांत मात्र निदान शंभर 'समजा' दाटले होते.

विमानतळावर माझी पहिली फजिती झाली. माझा लाडका छोटा रंधा मी हातातल्या पिशवीत ठेवला होता. मोठ्या बॅगेत टाकायला जीव होईना. लेकरू आहे ते. तपासणीच्या माणसाने तो बाहेर काढला, पात्याला बोट लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमानाचा पंखच तासायला निघालो होतो. मी त्याला रंधा किती जुना, कुणी दिला, कोणत्या दारांवर चालला, हे सगळं सांगितलं. मागे रांग वाढत गेली. रंधा गेला. बायको पुढचा सगळा प्रवास माझ्याशी बोलली नाही, म्हणून झोप छान लागली.

तर मुलीचं घर. नात मांडीवर आली, बायको काचेशिवाय तिचे पापे घेऊ लागली, सगळं सोन्यासारखं. आणि पहिल्याच दिवशी आतल्या खोलीचं दार उघडलं.

खर्रर्र.

मी मुलीकडे पाहिलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्या डोळ्यांत काय वाचलं कोण जाणे, म्हणाली, "बाबा, नाही. ते दार भाड्याच्या घराचं आहे. हात लावायचा नाही. तुम्ही पाहुणे आहात."

मी काही दिवस सोसलं. खरंच सोसलं. ते दार घासलं की मी खिडकीबाहेर बघायचो. पण एक दिवस दुपारी बायको आणि मुलगी बाळाला घेऊन बागेत गेल्या, जावई कामावर, आणि घरात उरलो मी आणि ते दार. उतरवावं, खालची कड जरा घासावी, परत चढवावं, एवढंच मनात होतं. आता दार उतरवणं हे दोन माणसांचं काम. एकाने धरायचं, दुसऱ्याने बिजागरीतली खिळी काढायची. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे ओरडून ओरडून शिकवलंय. पण मी तर उस्ताद. उस्तादाला दुसरा माणूस कशाला?

वरची खिळी निघाली. दार वळलं, माझ्याकडे झुकलं, आणि आयुष्यभर ज्यांना मी उभं केलं त्या सगळ्या दारांच्या वतीने माझ्या पायावर पडलं.

हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू आला. सुकं लाकूड तसंच मोडतं.

बागेतून परतलेल्या मायलेकींनी जावयाला बोलावून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागेल. बायकोने चष्म्याची डबी उघडून नंबर लावला. पलीकडे आमच्याच भाषेत बोलणाऱ्या एक बाई होत्या, फार मायाळू. त्या म्हणाल्या, "पेशंटशी बोलता येईल का? नेमकं काय झालं, आजोबा?"

आता मला कुणी 'काय झालं' विचारलं की माझा संयम सुटतो. त्यात इंजेक्शनने डोकं हलकं झालेलं. मी सुरू झालो. "बाई, मी साधासुधा माणूस नव्हे. नावाजलेला कारागीर. इकडे आलो ते कामच निघालं. दार काढत होतो."

"म्हणजे तुम्ही कामावर होतात?"

"मग! कामाशिवाय मी जगूच शकत नाही."

"त्याचा काही मोबदला?"

"दोन वेळचं सुग्रास जेवण आणि वर व्याज म्हणून नात!" मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"आजोबा, मोबदला घेऊन काम करताना झालेला अपघात या विम्यात बसत नाही. मी वरिष्ठांना विचारून कळवते." फोन बंद.

जावई म्हणाला, "बाबा, काळजी नका करू. आपण भरू." मग तो आणि मुलगी बाहेर व्हरांड्यात गेले. दार अर्धवट उघडं होतं, चांगल्या बिजागरीचं, अजिबात न वाजणारं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. मुलगी म्हणत होती, "घराचं पुढं बघू रे. दोन वर्षांनी. तीन वर्षांनी. कुठे पळून जातंय."

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त फोन माझ्या हातात दिला. "त्याला लावा. आणि तुम्हीच बोला."

मी लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार, 'मी म्हणालो होतो ना.' पण तो हळूच म्हणाला, "भाऊजी, स..." आणि थांबला. "ती अट अजून आहे का?"

"अट गेली खड्ड्यात! बोल, बाबा, बोल!"

"मग आधी खरं सांगा. मजुरी ठरली होती?"

"पोरीच्या घरी मजुरी? डोकं फिरलं का तुझं?"

"दार दुरुस्त करायला कुणी सांगितलं होतं?"

"उलट नको म्हणाली होती."

"झालं तर! समजा, त्या बाईंनी पुन्हा फोन केला. तर हेच सांगायचं, आहे तसं. खोटं एक अक्षर नको, आणि भाऊजी, खऱ्यालाही एक अक्षर जास्त लावू नका. तुम्ही खुंटी ठोकल्याची गोष्ट राजवाडा बांधल्यासारखी सांगता."

"मी?"

"रंध्याची गोष्ट विमानतळावर किती वेळ चालली ते ताईने सांगितलंय मला. मीही कंपनीत फोन करतो. पण सांगायचं तुम्हीच."

बाईंचा फोन आला. बायको माझ्या डोळ्यांत डोळे घालून समोर उभी राहिली. मी घसा खाकरला आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं.

"मी पाहुणा आहे. मुलीच्या घरी. दार घासत होतं. कुणी सांगितलं नव्हतं, नको म्हणाले होते. पैसे नाहीत, मजुरी नाही. हौस म्हणून एकट्याने काढलं. पडलं."

पुढे मास्तरांची गोष्ट ओठांवर आली होती. गिळली. औषधापेक्षा कडू होती.

"एवढंच, आजोबा?"

"एवढंच, बाई. मघाशी जे ऐकलंत त्याला रंग मी लावला होता. धंद्याची सवय."

या वेळी बाई हसल्या. मग त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं, कारण डॉक्टरांनी रक्तदाबाचं लिहून पाठवलं होतं. "हो, ते तुमच्या फॉर्मवर आहेच," त्या स्वतःच म्हणाल्या. मी बायकोकडे बघायचं टाळलं. अखेर मंजुरी आली. ऑपरेशन, औषधं, सगळं कंपनीने परस्पर दवाखान्याला दिलं. पाय इतक्यात विमानात नेण्याजोगा नव्हता, म्हणून परतीची तिकिटंही पुढची करून दिली. बायकोला नातीसोबत आणखी कितीतरी आठवडे मिळाले. नात माझं प्लॅस्टर ढोलासारखं बडवायची आणि आजी तिला म्हणायची, "जोरात, बाळा, आजोबांना लागत नाही."

आणि ते दार? मी दवाखान्यात असतानाच जावयाने ते परत बसवलं. जावई हिशेबनीस; हातोडी कोणत्या बाजूने धरायची याचीही त्याला खात्री नसते. मी घरी आलो तेव्हा दार आवाज न करता उघडलं.

"रंधा कुठून आणलास?" मी विचारलं.

"रंधा नाही, बाबा." तो बिचारा संकोचून म्हणाला. "वरच्या बिजागरीचा एक स्क्रू सैल होता. तो आवळला."

पडलो तरी नाक वर, असं आमच्याकडे म्हणतात. माझं नाक त्या दिवशी प्लॅस्टरमध्ये होतं.

परत आलो तेव्हा समजा विमानतळावर चाकाची खुर्ची घेऊन उभा होता. दोन खुर्च्या घेऊन. "समजा, एकीचं चाक अडकलं तर," तो म्हणाला. मी एकीत बसलो, दुसरीत बॅगा. वाटेत म्हटलं, "माझा रंधा गेला त्याचे पैसे नाही का रे मिळणार?"

"आपण हट्टाने घालवलेल्या वस्तूंचा विमा अजून निघालेला नाही, भाऊजी."

गल्लीत माझं कौतुक झालं म्हणायचं की त्याचं, हे अजून ठरलेलं नाही. मी लंगडत न्हाव्याकडे गेलो की तो खुर्ची रस्त्याकडे फिरवून विचारतो, "तुमचा मेहुणा ऑफिसात कधी असतो हो?" माझ्या लंगडण्यावर मेहुण्याचा धंदा बरा चाललाय. त्याने खरं तर मला कमिशन द्यायला हवं.

काठी सुटली तसा मी मोठा रंधा घेऊन त्या लॉन्ड्रीच्या वर गेलो. तो माझा 'उद्या' अखेर उजाडला होता. आधी पेचकसाने वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासले. हसू नका. घट्ट होते. दार खरोखरच फुगलेलं होतं, म्हणजे उतरवायलाच हवं.

"धर," मी म्हणालो. त्याने दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटून.

"समजा, माझ्या हातून सुटलं तर?"

"तू इतक्या लोकांना विमा देऊन परदेशी धाडलंस. तुझा स्वतःचा विमा आहे ना?"

तो दाराच्या पलीकडून म्हणाला, "प्रवासाचा? तो कशाला लागतो? मी कुठे गेलोच नाही कधी. तिकीट काढायला निघालो की इतकं काय काय सुचतं, भाऊजी, की अर्ध्या रस्त्यातून परत येतो."

मी खिळीवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. मी नेहमी चौकट बघितली, दाराआडचा माणूस नाही.

म्हटलं, "पोरीचं घर ठरलंय. कालच फोन आला. ती म्हणाली, मामाला घेऊनच या, त्याच्यामुळे झालं. वर म्हणाली, मामाला सांगा, नव्या घरात सहा दारं आहेत, बाबांनी एकालाही हात लावायचा नाही हे पॉलिसीच्या आधी लिहून घे."

पलीकडून दारावरची त्याची पकड घट्ट झालेली मला जाणवली. मग आवाज आला.

"समजा, मी आलो..."

"हं? तर?"

"काही नाही. पुढचं सुचत नाहीये."

मला इतकं हसू आलं की खिळी उपसताना माझा दारावरचा हात सुटला. पण या वेळी दार पडलं नाही. पलीकडून त्याने धरलं होतं.